घरच्या व्हॅनचं इंजिन ऑइल: गोव्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोलीजवळच्या आमच्या गॅरेजवर येणाऱ्यांचे आणि फोन करणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, गाडी तेवढी बदलते. कधी ओम्नी, कधी ईको, कधी अर्टिगा, कधी इनोव्हा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, मे महिन्याच्या लग्नसराईत आणि पहिल्या पावसानंतर तर एकाच दिवशी चार-पाच जण विचारतात. म्हणून ते सगळे इथे लिहून काढले. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

घरच्या गाडीचं एक दुखणं मला सारखं दिसतं. ती बाबा चालवतात, मुलगा चालवतो, सून चालवते, अडीअडचणीला शेजारीही घेऊन जातो. पण ऑइल शेवटचं कोणी बघितलं, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

१. ऑइल कमी झालं तर काय होईल? पेट्रोल संपल्यासारखी गाडी बंदच पडेल ना?

पेट्रोल संपलं की गाडी थांबते, पेट्रोल घातलं की चालते. ऑइलचं तसं नाही. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) आणि बेअरिंग (तो ज्यांत फिरतो त्या धातूच्या वाट्या) यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा ऑइलचा थर असतो आणि त्या थरावर क्रँक अक्षरशः तरंगतो. पंपाचा दाब आहे तोवर तो थर टिकतो. दाब गेला की लोखंडाला लोखंड लागतं, बेअरिंगचा मऊ धातू खरवडला जातो, आणि मग इंजिन ‘धरतं’. त्यानंतर ऑइल घालून काही उपयोग नसतो. घर्षण कमी करण्याशिवाय पिस्टनची उष्णता वाहून नेणं, जळणाची काजळी आपल्यात धरून ठेवणं आणि गंज रोखणं ही कामंही ऑइलच करतं.

२. ऑइल मोजायच्या पट्टीवर प्रत्येक वेळी वेगळीच पातळी दिसते. तपासायचं कसं?

गाडी सपाट जागी हवी. आपल्याकडे बहुतेक घरांची अंगणं उतरती असतात आणि गाडी वर्षानुवर्षं त्याच उतारावर उभी असते. तिथे काढलेली पट्टी खोटं बोलते. रस्त्याच्या सपाट तुकड्यावर आणा. इंजिन गरम करून बंद करा आणि पाच ते दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्या वेळेला दिसलेलं धरू नका.

ओम्नी आणि ईकोत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे सीट उचलल्याशिवाय काही दिसत नाही. बॉनेट उघडून बघायची सोय नाही म्हणून या दोन गाड्यांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सीटवर पिशव्या असतात, मुलांची दप्तरं असतात, आणि काम राहून जातं.

खालची खूण आणि वरची खूण यांच्यात बहुतेक गाड्यांना सुमारे एक लिटरचा फरक असतो. पातळी मधल्या भागाच्या वर असली की पुरे. वरच्या खुणेपेक्षा जास्त कधीही नको, कारण प्रश्न १३ मध्ये आहे. महिन्यातून दोनदा बघा. वार ठरवून घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्या.

३. आमची गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालत नाही. तरी दरवर्षी ऑइल का बदलायचं?

बहुतेक घरगुती गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किमी किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं लिहिलेलं असतं. लोक पहिला अर्धा भाग वाचतात.

कमी चालणारी गाडी म्हणजे बहुधा जवळचं चालणारी गाडी. घर ते शाळा, शाळा ते मार्केट, चार-पाच किलोमीटर. पाण्याचा काटा पाच मिनिटांत मध्यावर येतो, पण ऑइल नीट तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात आपण पोचतो आणि इंजिन बंद करतो. जळणातून तयार झालेली वाफ बाहेर पडत नाही, ऑइलमध्येच राहते. थोडं पेट्रोलही मिसळतं. आपल्याकडे पावसाची वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिमी आहे, चार महिने हवाच ओली. अशा गाडीला वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, नवं ऑइल आणि नवा फिल्टर द्या.

खाणीच्या धुळीतून रोज जाणं, आठवड्याला घाट, फेरीबोटीच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहणं, यातलं काही असेल तर मी ५,००० किमीला बदलायला सांगतो.

४. कोणतं ऑइल घालू? एक जण पातळ म्हणतो, एक जण जाड.

पुस्तिकेत जो आकडा आहे तोच. ५डब्ल्यू-३० मधला ‘५डब्ल्यू’ थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, आणि ‘३०’ म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं. गोव्यात गाडी गोठेल अशी थंडी पडत नाही, त्यामुळे पहिल्या आकड्याची आपल्याला फारशी चिंता नाही. दुसरा आकडा मात्र पाळायचाच.

जुन्या ओम्नीत २०डब्ल्यू-४० घालायची सवय असलेला मेस्त्री तेच नव्या अर्टिगात घालायला जातो. नव्या पेट्रोल इंजिनांच्या बेअरिंगमधल्या फटी बारीक असतात आणि त्यांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशी पातळ ऑइलंच दिलेली असतात. जाड घातलं तर सकाळी सुरू करताना ते वर पोचायला वेळ लागतो, ॲव्हरेजही पडतं.

दोन गोष्टी विसरू नका. मोटरसायकलचं ऑइल व्हॅनला नको. आणि बीएस-६ डिझेल गाडीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्याला कमी राख करणारं ऑइलच लागतं. साधं डिझेल ऑइल घातलं तर त्याची राख त्या फिल्टरमध्ये साचत जाते आणि ती जाळूनही जात नाही.

५. रस्त्यात ऑइल कमी पडलं आणि आपल्या कंपनीचं मिळालं नाही. दुसरं मिसळलं तर चालेल?

चालेल. आकडा जुळणारं मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर जवळचा आकडा. सिंथेटिकमध्ये मिनरल मिसळल्याने इंजिन बिघडत नाही, फक्त सिंथेटिकचा टिकाऊपणा कमी होतो. पट्टीच्या खाली गेलेल्या ऑइलवर शंभर किलोमीटर काढण्यापेक्षा पेट्रोल पंपावर मिळेल ते अर्धा लिटर घातलेलं हजारपट चांगलं. घरी आल्यावर नेहमीच्या मुदतीपेक्षा थोडं आधी बदला.

६. ऑइल बदलून महिना झाला आणि काळं पडलं. फसवलं का?

डिझेल गाडीत पहिल्या शंभर किलोमीटरला काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत उलट: ऑइल बरेच दिवस सोनेरी दिसतं आणि माणसाला वाटतं अजून चालेल. सीएनजीच्या जळणात उष्णता जास्त, तिथे ऑइल रंग न बदलताही आतून थकतं. रंगावरून निकाल देऊ नका.

घरी करता येईल असं एक काम आहे. गरम इंजिनच्या पट्टीवरचा एक थेंब जाड टिपकागदावर टाका आणि रात्रभर ठेवा. थेंब पसरून कडेला हळूहळू फिका होत गेला तर ऑइलमध्ये मळ वाहून न्यायची ताकद आहे. मध्ये काळा गोळा आणि भोवती एकदम तुटलेली कड दिसली तर ताकद संपली. त्याच्याबाहेर मोठं, फिकं, ओलं वलय आलं आणि कागदाला पेट्रोलचा वास येत असला तर प्रश्न १३ वाचा.

७. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला. गॅरेज चार किलोमीटरवर आहे. हळूहळू जाऊ का?

नको. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. लगेच, पुढच्या वळणावर नाही.

हा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. धावत्या इंजिनात गरम ऑइलचा दाब साधारण २ ते ४ बार असतो. दिवा मात्र दाब जवळजवळ संपल्यावर, म्हणजे अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली गेल्यावर पेटतो. तो आगाऊ सूचना देत नाही. तो लागला म्हणजे नुकसान सुरू झालेलं असण्याचीच शक्यता जास्त.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९९८ चा मे महिना, आमची ओम्नी, बेळगावला मामेबहिणीचं लग्न. आदल्या संध्याकाळी एका ठिकाणी ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला होता. मोले सोडून अनमोड घाट चढायला लागलो आणि पायाखालून करपट, गोडसर वास यायला लागला. आईला वाटलं मागच्या ट्रकचे ब्रेक. मग दिवा लागला. बाबा म्हणाले, “एवढा चढ चढू दे, वर सपाटीला बघू.” वर पोचलोच नाही. आधी टकटक, मग घणासारखे ठोके, आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी खाली उतरून मागे बघितलं तर डांबरावर काळी ओली रेघ, वळणामागून आमच्या चाकांपर्यंत अखंड.

जुन्या फिल्टरचं रबराचं कडं इंजिनलाच चिकटून राहिलं होतं आणि नवा फिल्टर त्याच्यावरच आवळला होता. दोन कडी एकावर एक. दाबाने आतलं कडं सरकलं आणि सगळं ऑइल काही मिनिटांत बाहेर. क्रँक गेला, बेअरिंग गेले, लग्न चुकलं. बाबांनी ती गोष्ट शेवटपर्यंत मनाला लावून घेतली, आणि मी त्याच पावसाळ्यात गॅरेजला शिकायला लागलो.

आता तुम्ही काय करायचं: इंजिन बंद, दहा मिनिटं थांबा, खाली वाकून गळती बघा, पट्टी बघा. ऑइल खाली असेल आणि गळत नसेल तर भरा, सुरू करा. दिवा पाच-सहा सेकंदांत गेला तर सावकाश पुढे जा. गेला नाही, किंवा पट्टीवर ऑइल भरपूर असूनही दिवा लागलाय, तर टोइंगच. टोइंगचा खर्च कितीही वाटला तरी इंजिनकामाच्या शेजारी तो काहीच नाही.

८. दिवा फक्त घाटात, वळणावर लुकलुकतो. सपाटीला काही नाही.

ऑइल कमी आहे. चेंबरच्या तळाशी पंपाचं तोंड असतं. वळणावर किंवा तीव्र उतारावर असलेलं थोडं ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. चोर्ला घाटात किंवा अनमोडला सात माणसं आणि सामान घेऊन जाण्याआधी पातळी वरच्या खुणेजवळ करून घ्या. भरल्यावरही लुकलुकत असेल तर पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने भरली आहे का ते बघायला हवं (प्रश्न १४).

९. गाडी तापल्यावर, ट्रॅफिकमध्ये उभी असताना दिवा मिणमिणतो. थोडी रेस दिली की जातो.

पातळी बरोबर असेल तर तीन शक्यता. दिव्याचा स्विच खराब झालाय, हे सगळ्यात स्वस्त. ऑइल पेट्रोलने पातळ झालंय. किंवा बेअरिंग आणि पंप झिजलेत, आणि गरम पातळ ऑइल त्या फटींतून निसटून जातंय. स्विच बदलून दिवा गेला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. स्विच काढला की त्याच जागी दाब मोजायचं घड्याळ बसतं. ते लावून गरम इंजिनचा दाब बघा असं मेस्त्रीला स्पष्ट सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

जाड ऑइल घालून दिवा घालवून देणारे भेटतात. आजार तसाच राहतो, तो दिसायचा तेवढा बंद होतो.

आणखी एक. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब किंवा वायर गेलीय, आणि खरा प्रसंग येईल तेव्हा तुम्हाला सांगणारं कोणी नाही. उद्या सकाळी बघा.

१०. ऑइलच्या झाकणाच्या आत पिवळट-पांढरी साय जमलीय. पॅकिंग उडालं का?

जुलै-ऑगस्टमध्ये हा फोन रोज येतो. घाबरण्याआधी तीन गोष्टी बघा. पट्टीवरचं ऑइल कसं आहे? कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरतेय का? गाडी गेल्या महिन्यात कधी अर्धा तास सलग चालली आहे का?

साय फक्त झाकणाखाली, पट्टी स्वच्छ, कूलंट जागच्या जागी आणि गाडी जवळच्या जवळच फिरणारी, तर ती वाफेची साय. झाकण पुसा, पणजी-मडगाव असा एखादा लांबचा फेरा मारा, आठवड्याने पुन्हा बघा. पट्टीवरही दूध घातलेल्या चहासारखं ऑइल असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) उडालंय किंवा हेडला चीर आहे. त्या गाडीला सुरूही करू नका. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला धरून ठेवत नाही.

११. गळत तर कुठेच नाही, पण ऑइल कमी होतं. गाडी ऑइल खाते का?

खाते. किती खाते ते आधी मोजा. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, १,००० किमीनंतर पुन्हा खुणेपर्यंत किती लागलं ते बघा. पाव लिटरपर्यंत जुन्या इंजिनला मी फार मनावर घेत नाही. अर्ध्या लिटरच्या वर गेलं की कारण शोधायचं.

निळसर धूर कधी येतो त्यावर बरंच कळतं. सकाळी पहिल्या स्टार्टला एक झोत आणि मग स्वच्छ, किंवा लांब उतार गिअरवर उतरून खाली आल्यावर रेस दिली की मागे ढग, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. हे काम आवाक्यातलं आहे. चढाला, भार असताना सतत धूर आणि ऑइलचं झाकण उघडलं की भाता मारल्यासारखी वाफ, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत टर्बोचं सीलही बघावं लागतं. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन मोकळं चालू ठेवून मग बंद करण्याची सवय टर्बोसाठीच सांगतात: तो तापलेला असताना ऑइल एकदम थांबलं की त्याच्या बेअरिंगमध्ये कोळसा होतो.

रिंगा खोलायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारा हा छोटासा भाग तुंबला की ऑइल जिथून वाट मिळेल तिथून निघतं. मी स्वतः दोन गाड्यांच्या रिंगांचं काम या एका भागावर वाचवलंय.

डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या गाड्यांना लाल धुळीचा शाप आहे. एअर फिल्टरच्या पेटीची क्लिप तुटली की ती धूळ सरळ आत जाते आणि रिंगांना सॅण्डपेपरसारखी घासते. क्लिपऐवजी दोरी बांधलेल्या पेट्या मी बघतो तेव्हा फार वाईट वाटतं.

१२. रोज सकाळी अंगणात रुपयाएवढा डाग. कुठून गळतंय?

वरून खाली शोधा, कारण ऑइल खाली वाहतं आणि वाऱ्याने मागे जातं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, मग फिल्टर, दाबाचा स्विच, क्रँकचं सील, शेवटी ड्रेन नट. रात्री खाली पुठ्ठा ठेवा, डागाची जागा कळेल. ड्रेन नटाचा वायसर दर वेळी नवा हवा. तो वाचवायचा म्हणून नट जास्त आवळला की आटे जातात.

किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी वेगळं सांगतो. खाऱ्या हवेने पत्र्याचा ऑइल चेंबर बाहेरून गंजत जातो, आणि एक दिवस जोराने धुतल्यावर किंवा खडा लागल्यावर सुईएवढं भोक पडतं. सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की चेंबरवर हात फिरवून बघायला सांगा. पापुद्रे निघत असतील तर वेळेत बदला. एम-सील लावून पावसाळा काढायचा बेत करू नका.

१३. पट्टीवर ऑइल वाढतंय! आम्ही तर घातलंच नाही.

हे कमी होण्याइतकंच गंभीर आहे. पेट्रोल गाडीत अर्थ असा की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतंय: फार छोट्या फेऱ्या, गळका इंजेक्टर किंवा मिसफायर. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ स्वतःला साफ करण्यासाठी जास्तीचं डिझेल मारतो. ते काम अर्धवट असताना गाडी वारंवार बंद केली की ते डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. अशा गाडीला आठवड्यातून एकदा महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर आधी ऑइल बदला. साय दिसत असेल तर वाढ पाण्याची आहे, प्रश्न १० बघा.

जास्त ऑइलमध्ये क्रँक ताक घुसळल्यासारखा फिरतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. डिझेलमध्ये आणखी भयंकर प्रकार घडू शकतो. ऑइल हवेच्या वाटेने इंजिनमध्ये शिरतं, इंजिन त्याच ऑइलवर धावायला लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. मागे पांढरा-निळा धूर आणि वाढत जाणारा आवाज. मॅन्युअल गाडी असेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडून इंजिन बंद पाडतात. ते जमलं नाही तर माणसांना घेऊन लांब व्हा.

१४. आत गाळ झालाय म्हणतात. फ्लश मारू का?

वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनला फ्लशची गरज नाही. ज्याला वर्षानुवर्षं बदललं नाही, त्याला फ्लश धोक्याचा: सुटलेले गाळाचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात आणि दाबच जातो. अशा इंजिनाचा चेंबर खोलून जाळी हाताने साफ करा, मग चांगलं ऑइल घालून १,०००–१,५०० किमीला एकदा, पुन्हा तेवढ्यालाच एकदा असं बदला. हळूहळू निघतो.

१५. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. आता पाणी उतरलं. सुरू करून बघू?

चावीला हातही लावू नका. जुलै २०२१ मध्ये म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरी-डिचोलीत कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि सुरू करून बघितलेल्या गाड्यांची दुरुस्ती न केलेल्यांपेक्षा किती महाग पडली ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, पाणी कुठवर चढलं होतं त्याचा फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. मग प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडर रिकामे करणं, ऑइल काढून टाकणं, नवं घालून थोडं फिरवून पुन्हा काढणं, असं दोन-तीनदा. गिअरबॉक्सचं ऑइलही बघा, ते सगळे विसरतात.

१६. मी आखातात असतो. गाडी आठ महिने उभी, चवथीला आलो की चालवतो.

जाण्याआधी ऑइल बदलून जा, आल्यावर नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि ओलावा आठ महिने बेअरिंगवर बसून राहू नये. घरच्यांना आठवड्याने पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवायला सांगू नका, त्याने प्रश्न ३ मधली वाफच साचते. पंधरा दिवसांनी कोणी अर्धा तास चालवत असेल तर चालवू दे, नाहीतर बॅटरी काढून ठेवा. आल्यावर पहिली स्टार्ट मारली की दिवा जाईपर्यंत आणि त्यानंतरही अर्धा मिनिट रेस द्यायची नाही.

१७. सकाळी सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड, मग शांत.

बहुधा स्वस्त फिल्टर. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल परत खाली जाऊ न देणारी रबराची झडप असते. ती नसली किंवा कडक झाली की रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. फिल्टर बदलूनही खडखड राहिली तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर बघा.

१८. चिरेखाणीच्या रस्त्यावर खालून दगड लागला. चेंबर चेपलाय पण गळत नाही. राहू दे का?

राहू देऊ नका. पंपाचं तोंड आणि चेंबरचा तळ यांच्यात थोडीशीच जागा असते. तळ आत चेपला की ते तोंड अर्धवट झाकलं जातं. जवळ फिरताना काही कळत नाही, महामार्गावर वेगात पंपाला ऑइल पुरत नाही. भरलेली पट्टी आणि वेगात लागणारा दिवा, या कोड्याचं उत्तर अनेकदा चेपलेला चेंबर असतो.

१९. जुनी व्हॅन घेतोय. ऑइलवरून काय कळेल?

सकाळी, इंजिन थंड असताना जा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. झाकण उघडून आत टॉर्च मारा: तपकिरी झाक चालेल, डांबरासारखा थर नको. पहिल्या स्टार्टचा धूर (प्रश्न ११), दिवा लागतो आणि जातो का (प्रश्न ९), चेंबर (प्रश्न १२ आणि १८). पूर्वी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, म्हणजे रेंट-अ-कॅब असलेली गाडी असेल तर सर्व्हिसिंगची बिलं मागाच. रोज नवा चालवणारा म्हणजे ऑइल न बघणारा, हे घरच्या गाडीपेक्षाही तिथे खरं.

२०. ऑइल खरं की बनावट हे कसं ओळखू?

ओळखीच्या दुकानातून, बिल घेऊन, सीलबंद डबा घ्या. झाकणाचं कडं तुटलेलं नसावं, बॅच आकडा आणि तारीख खरवडलेली नसावी. ऑइल तुमच्यासमोर घालून घ्या, आणि रिकामा डबा भोक पाडून टाका. रिकाम्या चांगल्या डब्यांतच बनावट ऑइल भरलं जातं.

२१. काढलेलं जळकं ऑइल गेटाला, वाशांना लावतो. वाळवी लागत नाही म्हणे.

आपल्याकडे पिढ्यानपिढ्या लावत आले, माहीत आहे. पण त्यात झिजलेले धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. पहिल्या पावसात ते धुऊन अंगणात, तिथून विहिरीत किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) पाटात जातं. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, आमच्याकडून ते परवानाधारक घेऊन जातो. हाताला लागलं तर लगेच साबणाने धुवा.

२२. दिवा लागल्यावर दोन-तीन मिनिटं चालवली. मग ऑइल भरलं, आता आवाज नाही, काही नाही. सोडून देऊ?

फिल्टर काढा आणि तो फेकू नका. मेस्त्रीला सांगून तो कापून घ्या. आतला घडीचा कागद उलगडून उन्हात धरा. नुसता काळा असेल तर तुमचं नशीब चांगलं. नवं ऑइल घाला, ५०० किमीनंतर तेही बदला आणि दुसरा फिल्टरही कापून बघा. कागदाच्या घड्यांत रुपेरी किंवा तांबूस चमक दिसली, बोटावर घेऊन चोळली तरी जात नाही, तर ती बेअरिंगची आहे. आवाज यायच्या आधी चेंबर उतरवून बेअरिंग बदलले तर क्रँक वाचतो. चमक दिसली असेल तर घाटात, लांबच्या देवदर्शनाला, कुठेही त्या गाडीने जाऊ नका. आमच्या बाबांच्या गाडीचा फिल्टर त्या दिवशी कोणी कापून बघितला नव्हता. मी नंतर कापला. आत सगळी चमकच होती.